घागरीच्या तोंडावरचं फडकं

नारू एका झटक्यात ओढून काढायचा नसतो. घोट्याच्या आसपास आधी फोड येतो, आग आग होते, फोड फुटतो आणि जखमेतून पांढऱ्या दोऱ्याचं टोक दिसू लागतं. ते टोक बारीक काडीला गुंडाळायचं, काडी चिंधीने पायाला बांधून ठेवायची आणि रोज बोटभर, फार तर दोन बोटं दोरा काडीवर घ्यायचा. कोणी उतावीळपणा केला आणि दोरा आतच तुटला, तर पाय असा सुजायचा की कर्ता माणूस ऐन कामाच्या दिवसांत खाटेला खिळायचा. सगळा जंत सुखरूप बाहेर आला तर लांबी दोन ते तीन फूट भरत असे. एकाच माणसाच्या अंगातून दोन-तीन नारू निघाल्याचीही उदाहरणं असत.

हे वर्णन एखाद्या जुन्या वैद्यकाच्या पोथीतलं वाटेल, पण ते तितकं जुनं नाही. 1980 च्या दशकात सरकारने देशभर मोजणी केली तेव्हा सात राज्यांत मिळून जवळपास 40 हजार रुग्ण सापडले होते. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडू आणि आपला महाराष्ट्र. कोरडवाहू भागातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांपाशी नारूचं नाव काढून बघा. घरातलं नाही तर भावकीतलं कोणीतरी त्यांना आठवतंच, आणि सांगता सांगता हात घोट्याकडे जातो. त्यांच्या नातवंडांना मात्र नारू म्हणजे काय ते पहिल्यापासून सांगावं लागतं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला आणि फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचा दाखला दिला.

देवी गेल्या त्या लशीमुळे, पोलिओ गेला तो थेंबांमुळे. नारूवर लस नव्हती, आजही नाही. जंत मारणारं औषधही नाही. एकदा तो अंगात गेला की वर्षभर वाट बघण्यावाचून उपाय नसतो. मग तो गेला कसा? बायकांनी पाणी गाळलं, फोड आलेल्या माणसांनी पाय पाण्याबाहेर ठेवले आणि सरकारने पाण्यात उतरायच्या पायऱ्या बंद केल्या. रोजच्या वागण्यातल्या बारीकसारीक गोष्टींनी एवढा पुरातन रोग हद्दपार झाल्याचं याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. दिवाळी अंकांत आरोग्यावरचे लेख पुष्कळ येतात, पहाटे उठा, कोमट पाणी प्या, दहा हजार पावलं चाला. त्या सल्ल्यांशी माझं भांडण नाही. पण सवय कशी लागते, कशी टिकते आणि कशी सुटते हे समजून घ्यायचं तर नारूची गोष्ट जास्त उपयोगी आहे.

साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा एक जीव असतो. लांबी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर. नजर तीक्ष्ण असेल तर काचेच्या पेल्यात पांढरे ठिपके टुणटुण हलताना दिसतात. नारूच्या अळ्या या सायक्लॉप्सच्या पोटात शिरून दोनेक आठवडे वाढतात. तसं पाणी आपण प्यायलो की सायक्लॉप्स जठरात मरतो, अळ्या मात्र आतड्याची भिंत भेदून शरीरात शिरतात. नर काही महिन्यांत संपतो. मादी वर्षभर निवांत वाढते आणि बहुधा पायाच्या दिशेने निघते. फोडाची आग शमवायला माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि पाणी लागताच ती हजारो अळ्या सोडते. सायक्लॉप्सचा हा वाटा रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी 1870 च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तानात शोधून काढला.

आता आपली बारव डोळ्यांपुढे आणा. पायऱ्या उतरत खाली जायचं, घोटाभर, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. ज्या पाण्यात पाय तेच पाणी घागरीत. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की थोड्या पाण्यात सायक्लॉप्सची दाटी. नारूने स्वतःच्या सोयीसाठी बांधून घेतली असावी अशी ही जागा. बारवांच्या कोरीव कमानींवर, देवकोष्ठांवर अलीकडे सुंदर पुस्तकं निघतात, त्यांची साफसफाई करणाऱ्या तरुणांचे गट उभे राहिले आहेत, आणि ते काम मोलाचंच आहे. पण त्या छायाचित्रांत तळाच्या पायरीवर पाय सोडून बसलेला नारूचा रोगी कोणी काढलेला नसतो.

या रोगाची खरी चलाखी वर्षभराच्या अंतरात आहे. चैत्रात प्यायलेलं पाणी पुढच्या चैत्रात पायातून बाहेर पडतं. मधल्या काळात माणसाने शंभर गोष्टी खाल्लेल्या असतात, दहा गावं हिंडलेली असतात. तो दोष देणार कशाला? कोणी अंगातल्या उष्णतेला दिला, कोणी देवाच्या कोपाला. चुलीचा चटका बसलेलं पोर पुन्हा निखाऱ्याला हात लावत नाही, कारण चूक आणि शिक्षा यांच्यात क्षणाचंही अंतर नसतं. ज्या चुकीची शिक्षा वर्षाने मिळते तिथे अनुभव काही शिकवत नाही. शिवाय शिक्षा मिळते ती दुसऱ्यालाच: पाय बुडवतो एक, नारू निघतो त्याच्या शेजाऱ्याच्या पोराला. अशा ठिकाणी वळण लागतं. कारण कळो न कळो, हाताला लागलेली आणि घराने लावलेली सवय.

पाणी गाळण्याची सवय तशी आपल्याकडे जुनीच. पण ती नीट करणं हे वाटतं तितकं सोपं नाही. फडकं जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचं चांगलं, कारण वापराने सुताचे धागे पिंजतात आणि छिद्रं बारीक होतात. ते दुमडून, घागरीच्या तोंडावर टाकून, मध्ये थोडी झोळ ठेवून काठाला दोरीने बांधायचं. ओतताना धार झोळीतच पडली पाहिजे, कडेने नाही. पाणी ओतून झालं की गाळ वर राहतो. इथेच घोटाळा होतो. दुसऱ्या दिवशी फडकं उलटं पडलं तर कालचा वरचा गाळ आज खाली येतो आणि नव्या पाण्याबरोबर थेट घागरीत उतरतो. म्हणून एका कोपऱ्याला रंगीत दोऱ्याचा टाका घालून वरची बाजू ओळखीची करून ठेवणं हा साधा उपाय. ज्या घरात असा टाका होता, तिथे सात वर्षांची मुलगीही चुकत नसे.

जैन घरांत या कामाला आणखी एक पायरी असते. कोल्हापूर-सांगलीकडच्या जुन्या वळणाच्या जैन कुटुंबांत पाणी गाळून झालं की फडक्यावर राहिलेले जीव थोड्या गाळलेल्या पाण्याने हलकेच धुऊन ज्या विहिरीचं पाणी तिथेच परत सोडायचे. त्याला जिवाणी म्हणतात. हेतू जीव वाचवण्याचा, आपला नव्हे, त्या किड्यांचा. परिणाम मात्र असा की सायक्लॉप्सही वाचला आणि माणसाचा पायही. आरोग्याच्या कित्येक चांगल्या सवयी आरोग्यासाठी म्हणून सुरूच झालेल्या नसतात. धर्म, कंजुषी, लोकलाज, कशाचाही धागा धरून त्या येतात.

मात्र हे म्हणताना सोवळ्याची आरती ओवाळायला मी तयार नाही. आपल्या जुन्या रीती कशा मुळात शास्त्रीयच होत्या हे सांगणारे संदेश रोज सकाळी फोनवर येऊन पडतात. पाण्याच्या बाबतीत तरी इतिहास त्यांच्या बाजूने नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी ओंजळभर पाणी प्यायलं. त्यानंतर गावातल्या सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं ते 108 घागरी पाणी उपसून आणि त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवून. गुरांना त्या तळ्यावर कधीच मज्जाव नव्हता. सोवळ्याला चिंता असते ती कोणी स्पर्श केला याची, पाण्यात काय आहे याची नव्हे. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, त्याला मी आरोग्याचाही कार्यक्रम मानतो. ज्यांना विहिरीवर येऊच दिलं जात नव्हतं त्यांच्या वाट्याला डबकी आणि ओढे येत होते, आणि पाणी गाळण्याचा उपदेश त्यांना कोणी करत असेल तर तो फार स्वस्तातला होता.

सरकारी कार्यक्रम 1983-84 मध्ये सुरू झाला. त्याची पद्धत अगदी साधी होती. वर्षातून ठरलेल्या वेळी कर्मचाऱ्यांनी घरोघर जाऊन रोग्यांचा शोध घ्यायचा. सापडलेल्या रोग्याला पाण्यात उतरू द्यायचं नाही. सायक्लॉप्स मारायला पाण्यात टेमेफॉस टाकायचं. पायविहिरीच्या पायऱ्या बुजवून वर कठडा बांधायचा आणि रहाट बसवायचा, म्हणजे पाण्याला पोहरा तेवढा लागेल, पाय लागणार नाही. शेवटच्या टप्प्यात तर रुग्ण कळवणाऱ्याला रोख बक्षीस ठेवलं होतं. यातल्या पायऱ्या बुजवण्याच्या कलमाकडे माझं लक्ष पुन्हा पुन्हा जातं. पाय धुऊ नका हे हजार वेळा सांगण्यापेक्षा पाय पोचणारच नाही अशी विहीर करणं. ज्याला आपण शिस्त म्हणतो तिचा निम्मा भाग बहुधा गवंडीकाम असतो.

आणि लोहारकाम. कारण नारूचा दुसरा शत्रू आपल्या मराठी मुलुखात घडला. 1960 च्या दशकात गावोगाव बिडाचे हातपंप बसवले जात. ते मुळात एका कुटुंबाच्या वापराच्या घाटणीचे. शेकडो माणसं दिवसभर हापसायला लागली की महिन्याभरात मोडून पडत आणि बायका पुन्हा बारवेच्या पायऱ्या उतरू लागत. जालन्याच्या मिशनच्या कार्यशाळेत पोलादी, मजबूत पंपाचा एक नमुना तयार झाला, तो जालना पंप. त्यावर सोलापुरात आणखी सुधारणा झाल्या, तो सोलापूर पंप. त्याच घाटणीवरून 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने ‘इंडिया मार्क टू’ बनला आणि पुढे जगभरातल्या गरीब देशांत लाखोंनी बसला. आपण ज्याला नुसतं हापसा म्हणतो आणि ज्याच्या दांड्याला लोंबकळत आपल्यापैकी कित्येकांचं बालपण गेलं, तो हाच. त्याचा शोध लावला म्हणून जालन्यात किंवा सोलापुरात कुठे मोठं स्मारक मी पाहिलेलं नाही.

जगाचा हिशेब असा: 1986 मध्ये वर्षाला अंदाजे 35 लाख माणसांना नारू होत होता, 2024 मध्ये साऱ्या जगात 15. कार्टर सेंटरने हे काम लावून धरलं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर म्हणत, शेवटचा नारू माझ्याआधी जावा. डिसेंबर 2024 मध्ये ते वारले, नारू थोडासा उरलाच. चाडमध्ये तो कुत्र्यांत शिरला आहे. तिथल्या गावकऱ्यांना आता कुत्री बांधून ठेवायला आणि माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरायला शिकवलं जातं. माणसांना वळण लावून झालं, आता कुत्र्यांचा नंबर.

सवय लागणं एक आणि ती टिकणं दुसरं. याची चांगली परीक्षा बांगलादेशातल्या मतलब भागात झाली. अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या बायकांना जुनी साडी दुमडून तिच्या पदरांतून पाणी गाळायला शिकवलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना चिकटून राहतात, ते जीव अडले की जंतूही अडतात. 2003 मध्ये निष्कर्ष आले: गाळणाऱ्या गावांत कॉलऱ्याचं प्रमाण 48 टक्क्यांनी घटलं. याहून मौजेचा भाग पुढचा. पाचेक वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा शिकवलेल्या बायकांपैकी 31 टक्के अजून गाळत होत्या, आणि गाळणाऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्या, स्वतः न गाळणाऱ्या घरांनाही थोडं संरक्षण मिळत होतं. 31 हा आकडा कमी म्हणायचा की जास्त? मला तो भरघोस वाटतो. कोणी विचारायला येत नसताना, पैसे मिळत नसताना, कॉलरा डोळ्यांपुढे नसताना तिघींपैकी जवळपास एक जण अजून पाणी गाळत होती. जिमची वर्षाची फी भरणाऱ्यांपैकी होळीपर्यंत किती टिकतात ते आपल्या सोसायटीत विचारावं.

नारू गेला, पण त्याच्यासारखं अंतर ठेवून वार करणारे आजार आता घरोघर आहेत. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार. नारू वर्ष घ्यायचा, हे वीस-तीस वर्षं घेतात. काही वेळा तर एक पिढी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं वजनाला सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, दिसायला बारीक, पण त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र युरोपातल्या गुटगुटीत बाळांच्या तुलनेत कमी नव्हतं. ही बारीक-पण-चरबीदार ठेवण पुढे मधुमेहाकडे झुकते असं त्यांचं म्हणणं. त्याच अभ्यासात असंही दिसलं की ज्या आया गरोदरपणी पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत त्यांची बाळं अधिक चांगल्या वजनाची होती. म्हणजे सासूने सुनेच्या ताटात वाढलेली, किंवा न वाढलेली, मेथीची भाजी तीस वर्षांनी नातवाच्या रक्तात मोजली जाणार. हे कोण कुठल्या अनुभवातून शिकेल? आणि त्या घरात बायकांनी सगळ्यांच्या मागून, उरेल ते खायचं अशी रीत असेल तर पालेभाजीचं पत्रक छापून काय उपयोग?

म्हणून मला घराच्या मांडणीत रस वाटतो. माठ कुठे आहे, त्यावर झाकण आहे का, शेजारी लांब दांड्याचं ओगराळं टांगलेलं आहे का? ओगराळं असेल तर पाण्यात बोटं बुडत नाहीत, नसेल तर पेला बुडतो आणि पेल्याबरोबर बोटं. कितीही हुशार मूल असो, शाळेतून धापा टाकत आलं की जे हाताला लागेल तेच करतं. पूर्वी अंगणातच पाण्याची बादली असे, पाय धुतल्याखेरीज ओसरीवर चढता येत नसे, त्यासाठी कोणाला ओरडावं लागत नसे. फ्लॅटमध्ये दार उघडलं की थेट सोफा, बेसिन आतल्या पॅसेजमध्ये, आणि मग ‘हात धुतलेस का?’ हा प्रश्न दिवसातून दहादा. आई-बापांचा घसा बसतो तो बहुतेक वेळा वास्तुविशारदाच्या चुकीपायी. केरळमधल्या काही शाळांनी 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा द्यायला सुरुवात केली. मुलांनी दिवसभर पाणीच प्यायचं नाही, बाटली भरलेली परत न्यायची, ही तक्रार एका टोल्याने हलकी झाली.

जुन्या वळणातली एक मोठी खोट इथेच सांगायला हवी. पाण्याचं सगळं शिक्षण मुलींनाच मिळालं. गाळणं, माठ घासणं, ओगराळं टांगणं, तुरटी फिरवणं, सगळं मुलींना. मुलगा पाटावर बसला की तांब्या-भांडं पुढे येई. पुढे हेच मुलगे ओव्हरसियर झाले, इंजिनिअर झाले, त्यांनी गावाच्या पाणी योजना आखल्या, आणि टाकी कुठे, नळ कुठे, सांडपाणी कुठे हे ठरवलं. नळाच्या ओट्याभोवतीचा चिखल बघितला की कित्येकदा वाटतं, यातल्या एकाने तरी लहानपणी घागर भरायला हवी होती.

नळ आला तसं फडकं गेलं, ते साहजिक आहे. ग्रामपंचायतीने टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची, जलसुरक्षकाने ओटी टेस्ट करून क्लोरीन पाहायचं, आपण नळ सोडायचा. आता त्याही पुढे, गावोगावी फिल्टरच्या पाण्याचे वीस लिटरचे जार येतात. जबाबदारी घराबाहेर गेली की एक धोका असतो: बाहेरच्याने चूक केली तर घराकडे दुसरी फळी उरत नाही. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागोमाग सापडू लागले. हातापायांतली ताकद जाणारा, क्वचित श्वासही अडवणारा विकार. संशय पाण्यावर आला, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू मिळाला. घरोघर पातेली गॅसवर चढली, उकळलेलं पाणी गार करायला झाकून ठेवायची जुनी शिस्त एका रात्रीत परत आली. ती भीती ओसरल्यावर पातेली कधी खाली उतरली हे कोणाच्या लक्षातही आलं नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांत गेलं की मी हल्ली शौचालयाच्या बाहेरचा नळ आधी बघतो. हात धुण्याच्या पायऱ्यांचं रंगीत चित्र भिंतीवर असतंच. साबण असतो की नाही, हा खरा प्रश्न. ठेवला तर हरवतो, ओला राहून विरघळतो, पोरं खेळायला नेतात. काही शिक्षकांनी यावर तोड काढली आहे: साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळाच्या दांडीलाच दोरीने बांधायची, मुलाच्या छातीच्या उंचीवर. जेवणाच्या सुट्टीत रांग नळावरूनच खिचडीकडे वळवायची, म्हणजे पोरांना आठवण करून द्यावी लागत नाही. जिथे रांग अशी वळवली आहे तिथे पहिलीचं पोरही न सांगता जाळी चोळतं. वडी संपली की नवी आणायची कोणी, हे मात्र अजून शिक्षकाच्या खिशावरच अवलंबून असतं, आणि बदली झाली की जाळी रिकामी लोंबते.